गाडी कोणाची?

भोपाळातील ‘चार इमली’ हे नाव कानावर पडले की मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी चिंचा उभ्या राहतात आणि मागाहून बंगले. चिंच म्हणजे आपल्याकडे पार. पारावर कोणाचीही परवानगी न घेता टेकलेली माणसे. आणि दिवेलागणीनंतर त्याच फांद्यांवर वस्तीस येणारी, ज्यांचे नाव तिन्हीसांजेला काढू नये अशी दुसरी मंडळी. नावात इतका मोकळेपणा असूनही ही वसाहत मोकळी नाही. राज्यशासनाचे मंत्री आणि वरिष्ठ सनदी अधिकारी यांची ही वस्ती. येथील सरकारी निवासस्थानांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांनी श्रेणी दिलेल्या असून, अक्षरावरून आत राहणाऱ्याचा हुद्दा, त्याचे वेतन आणि त्याच्या निवृत्तीस उरलेली वर्षे यांचा अदमास बांधण्याची विद्या येथे लहान मुलांनाही अवगत असते. त्या विद्येची दुसरी शाखा म्हणजे मोटारींच्या पाट्या वाचणे. एमपी ०२ असेल तर सरकारी, ०३ असेल तर पोलिसांची, ०४ असेल तर भोपाळच्या सामान्य नागरिकाची. आणि १ मे २०१७ रोजी देशभरातल्या मोटारींवरील लाल दिवे उतरवले गेल्यापासून या अंकांवरचा भार वाढलाच आहे, कारण पूर्वी जे दुरून दिसत असे ते आता जवळ जाऊन वाचावे लागते.

अशा या वसाहतीतले पाच-सहा तरुण, ज्यांची माझी ओळख एकांत पार्कमधल्या सकाळच्या फिरण्यापुरतीच होती, गेल्या हिवाळ्यात एक मसुदा घेऊन माझ्याकडे आले. मोटारींच्या शौकिनांचा एक स्थानिक मेळावा भरवावा, तो रविवारी सकाळी असावा, आणि तो सर्वसमावेशक असावा, असे त्यांचे म्हणणे होते. आणि शेवटचे विशेषण मसुद्यात तीन वेळा आले होते. मी तो वाचला. गाड्या निवडक, निवड समितीकडे, प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य, अशी एकंदर रचना होती व ती वाईट नव्हती. मी एवढेच विचारले की या गाड्या जे चालवून आणतील, म्हणजे ज्यांच्या हाताखाली त्या वर्षभर असतात, ते त्या वेळी कोठे उभे राहणार? तरुण एकमेकांकडे पाहू लागले. त्यांतला सर्वांत सुसंस्कृत होता तो म्हणाला, “काका, ड्रायव्हर लोकांची मागच्या बाजूला वेगळी व्यवस्था ठेवू ना, चहा-नाश्ता सगळं.” त्या उत्तरात दुष्टपणा नव्हता, उलट आतिथ्यच होते, आणि म्हणूनच ते माझ्या मनातून गेले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराला दिलेला, थोडा उशिरा सुचलेला जबाब समजावा.

प्रथम माझी पात्रता सांगतो, म्हणजे पुढील मतांना किती वजन द्यायचे ते वाचकास ठरवता येईल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि जुन्या राज्याची राजधानी असलेल्या नागपुराहून सचिवालयाच्या दफ्तरांबरोबर जी मराठी कुटुंबे भोपाळला आली, त्यांत आमचे होते. वडील कारकून. राहणे टी. टी. नगरात, म्हणजे ज्या तात्या टोप्यांनी सरकारी नोकरी कधी केली नाही त्यांच्या नावाच्या सरकारी क्वार्टरात. वाहन म्हणजे एक सायकल. मोटार आमच्या घरात कधीच आली नाही, परंतु बोलण्यात मात्र रोज येई. कोणत्या साहेबाची अँबेसेडर कोणत्या सालची, कोणाची फियाट नोंदवून किती वर्षे झाली आणि तिचा नंबर अजून कसा लागत नाही, याची इत्थंभूत माहिती जेवताना पानावर वाढली जात असे. मोटारीवरचे माझे प्रेम असे परक्याच्या मालावर पोसलेले आहे; आणि माझी खात्री आहे की या देशातील मोटारप्रेमिकांपैकी फार मोठा भाग याच जातीचा आहे. मालकी ही प्रेमाची पूर्वअट धरली, तर आमची सारी पिढीच या शौकातून बाद होईल.

येथेच मूळ प्रश्नाला हात घालावा लागतो. रस्त्याच्या कडेला एखादी देखणी जुनी मोटार उभी दिसली की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? भोपाळात तो ‘गाड़ी किसकी है?’ असा विचारला जातो, पुण्यात ‘कोणाची हो?’ असा; आणि दोन्हीकडे उत्तरादाखल मालकाचे नाव अपेक्षित असते. कोणी तयार केली, कोणी टिकवली, कोण चालवतो, हे प्रश्न आपल्या तोंडी येत नाहीत. मेळाव्याचे सर्वसमावेशकत्व प्रवेशद्वारावर ठरत नसून या पहिल्या प्रश्नात ठरते, असे माझे मत आहे. फाटक सताड उघडे ठेवून आत मालकांची पूजा मांडली, तर आलेला समाज प्रेक्षक ठरतो. फार तर भक्त.

या मताला चार इमलीत एक खास आधार आहे, आणि तो दोन आकड्यांत सामावलेला आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ असा रीतसर दर्जा दिला. पहिल्या नोंदणीस पन्नासांहून अधिक वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, सांगाडा, काया आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी अथवा चारचाकी त्यास पात्र. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीची पाच हजार. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. नोंदणीची मुदत दहा वर्षे. आणि नित्याच्या दळणवळणास मनाई, प्रदर्शन, रॅली, संशोधन व देखभालीपुरतीच रस्त्यावर येण्याची मुभा. नियम एकंदरीत समंजस आहे. परंतु त्यानंतर दोनच वर्षांनी, १ एप्रिल २०२३ पासून, दुसरा नियम अमलात आला: केंद्र व राज्य शासनांच्या वाहनांची नोंदणी, संरक्षण व अंतर्गत सुरक्षेची काही खास वाहने वगळता, पंधरा वर्षांनंतर चालू राहणार नाही, ती वाहने मोडीतच निघाली पाहिजेत. धुराचा आणि अपघातांचा विचार करता हाही नियम मी चुकीचा म्हणणार नाही. मात्र दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर निष्पन्न काय होते? खासगी मालकाची मोटार पन्नाशी गाठून सन्मानित होऊ शकते. सरकारी मोटार पंधराव्या वर्षीच मरते. पूर्वी लिलावात विकल्या गेलेल्या काही सरकारी गाड्या खासगी हातांत पडून जगल्या, त्यांचेच काय ते भाग्य. यापुढे तीही वाट बंद.

आणि चार इमलीच्या रस्त्यांवर सहा दशके जी धावली ती मोटार प्रामुख्याने सरकारी होती. १९५८ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेल्या पांढऱ्या अँबेसेडरांनी या वसाहतीचा प्रत्येक चढ चढला आहे, प्रत्येक फाटक ओळखले आहे. त्यांतली एकही ‘व्हिंटेज’ म्हणून या रस्त्यांवर परत आलेली मी पाहिलेली नाही. थोडक्यात, येथील मोटारींचा इतिहास मोटारींपाशी उरलेला नाही. तो माणसांपाशी उरला आहे, आणि ती माणसे सत्तरीच्या पुढे आहेत. इतर शहरांतल्या मेळाव्यांत चालकाला आणि मिस्त्रीला बोलावणे हे औदार्य ठरेल. येथे त्याविना मेळाव्याला विषयच राहणार नाही.

अशा एका माणसाची गोष्ट सांगतो. ते गृहस्थ शासकीय वाहनचालक म्हणून निवृत्त झालेले आहेत, जन्माने भोपाळी मुसलमान, आणि बोलण्यात असे अदबशीर की त्यांच्याशी बोलताना आपल्याला आपली मराठी राकट वाटू लागते. मी त्यांना भाईसाब म्हणतो, ते मला पंडितजी म्हणतात, मी त्यास हरकत घेण्याचे आता सोडून दिले आहे. आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याची जुनी अँबेसेडर एका सकाळी सुरू होईना. इंजिन फिरे, पण पकड घेईना. भाईसाब जवळून जात होते. त्यांनी बॉनेट उघडायला लावले, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, आतले पॉइंट पाहिले, खिशातून झिजलेला पॉलिशपेपर काढून त्यांवरची काजळी दोन-तीन हलक्या घासांत उतरवली, आणि फीलर गेज जवळ नसल्यामुळे एका लग्नपत्रिकेच्या कडेची जाड पट्टी फाडून ती दोन पॉइंटांमध्ये धरून अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेले ते अंतर बसवले. मग टोपी लावली, हात पुसले, आणि स्वतः स्टीअरिंगवर न बसता शेजाऱ्याला म्हणाले, “अब लगाइए.” गाडी पहिल्याच फेऱ्याला लागली. त्या साऱ्या व्यवहारास दहा मिनिटेही लागली नसतील. मी त्यांना विचारले की नोकरीत असताना तुम्ही कोणाकोणाच्या गाडीवर होतात? त्यांनी साहेबांची नावे सांगितली नाहीत. त्यांनी गाड्यांचे नंबर सांगितले, एकामागून एक, न अडखळता, आणि प्रत्येक नंबराबरोबर त्या गाडीची खोड सांगितली. अमुक गाडीचा दुसरा गिअर थंडीत रुसे, तमुक गाडी डाव्या अंगाला ओढत असे. अधिकारी त्यांच्या स्मरणात ‘डाव्या अंगाला ओढणाऱ्या गाडीतले साहेब’ अशा रीतीने वसले होते.

ही विद्या लिहून ठेवलेली नाही, असे म्हणताना मी थोडा थबकतो, कारण तिचा एक अंश लिहिला जात होता. प्रत्येक सरकारी गाडीत लॉगबुक असे व आहे: तारीख, कोठून कोठे, किती किलोमीटर, किती इंधन, प्रयोजन, आणि शेवटच्या रकान्यात अधिकाऱ्याची सही. चालकाच्या वळणदार किंवा वेड्यावाकड्या अक्षरात भरलेले हे रकाने हाच या राजधानीचा खरा रोजनामा होय. परंतु गाडीचे निर्लेखन झाले की मुदत भरताच तोही रद्दीत जातो. सीटच्या पाठीवरचा पांढरा टर्किश टॉवेल, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, डिकीत ठेवलेले पाण्याचे कॅन, उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन फियाट बंद पडली की तिच्या पंपावर गुंडाळायचे ओले फडके, हे सारे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे ते हात मसुद्यातल्या ‘मागच्या बाजूला’ चहा पीत बसणार होते.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात जुन्या मोटारींचे एक संमेलन पाहण्याचा योग आला होता. शहराचे व आयोजकांचे नाव सांगण्यात हशील नाही. हिरवळ उत्तम, गाड्या खरोखर दुर्मीळ, आणि त्यांच्याभोवती मखमली आवरणाचा दोर. दोराच्या आत पाहुण्यांसाठी मेजवानी. दोराच्या बाहेर, रस्त्यालगत, पोह्यांची एक हातगाडी. त्या हातगाडीभोवती मी तासभर घालवला, आणि त्या दिवशी मोटारींविषयी जे काही शिकलो ते तेथेच शिकलो, कारण आतल्या सर्व गाड्यांचे चालक आणि दोन मिस्त्री पोहे खात तेथेच उभे होते. आत मालक एका परीक्षकाला गाडीचा मूळ रंग कोणता हे सांगत होते. बाहेर तो रंग ज्याने सात वेळा खरवडून आठव्यांदा जमवला तो माणूस कागदाच्या द्रोणातला शेवटचा शेंगदाणा शोधत होता. बक्षीस आतल्याला मिळाले. हे अन्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. मालकाने पैसा घातला होता, जागा दिली होती, धीर धरला होता, आणि मालकाविना गाडी केव्हाच भंगारात गेली असती. परंतु ते बक्षीस अर्धवट होते.

या दोराचा उगम दूरचा आहे. फ्रान्समधील सरदारवर्ग पॅरिसच्या उद्यानांतून आपल्या घोड्यांच्या गाड्या मिरवत असे, त्या मिरवणुकीतून मोटारींच्या ‘कॉन्कूर’ची, म्हणजे डौलाच्या स्पर्धेची, प्रथा निघाली, इटलीत कोमो सरोवराकाठी १९२९ पासून आणि कॅलिफोर्नियात पेबल बीचला १९५० पासून तिची मोठी पीठे आहेत. आपल्याकडील संस्थानिकांनी त्या प्रथेला साजेसा सरंजाम उभा केला. आमच्या शेजारच्या इंदुरात यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून जी काया चढवून घेतली, ती जगातील विलक्षण मोटारींपैकी एक मानली जाते. प्रचंड लांबीची ती गाडी, आणि आत बसायला जागा दोघांनाच! आज ती परदेशी संग्राहकांच्या जगात आहे, आणि होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यात केंद्रीय करखात्याची कचेरी आहे. एका मराठी राजघराण्याच्या रसिकतेचा हा उच्चांक होता यात संशय नाही, तथापि इंदूरच्या रयतेच्या स्मरणात त्या गाडीचे काय उरले, याचा विचार केला की मन जरा उदास होते.

याच्या अगदी उलट उदाहरण कोल्हापूरचे आहे. तेथील छत्रपतींची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार दसऱ्याच्या शाही सोहळ्यात दसरा चौकात येते. तिकीट नाही, दोर असला तर बंदोबस्तापुरता. आपट्याची पाने लुटायला जमलेली हजारो माणसे, त्यांत खेड्यांतून आलेले शेतकरी, खांद्यावर पोरे घेतलेले बाप, फुले-फुगे विकणारे, त्या मोटारीकडे अशा नजरेने पाहतात की जणू तिच्यात आपलाही हिस्सा आहे. आणि लोकव्यवहाराच्या दृष्टीने तो आहेच. मोटार तितकीच राजेशाही, तितकीच अप्राप्य. तरी ती सर्वांची झाली, कारण ती सणात आली, मोटारींच्या प्रदर्शनात आली नाही. मेळाव्याच्या संयोजकांनी कोमोला जाण्याआधी एकदा कोल्हापूरला जाऊन यावे, असे मी त्या तरुणांना सुचवले.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत मार्मिक आक्षेप असा, की सर्वांनाच घ्यायचे ठरवले तर मेळाव्याचा दर्जा राहणार कसा. निवड म्हणजे वर्ज्य करणे आलेच, आणि वर्ज्य केल्यावाचून कोणत्याही कलेचा मेळा गुणवत्तेचा होत नाही. हे मला मान्य आहे. गायनाच्या मैफलीत आपण सर्वांना गायला बसवत नाही. प्रश्न एवढाच की निवड कोणत्या कसोटीवर. किंमत आणि दुर्मीळपणा या कसोट्या बाजार आपल्यासाठी आधीच लावून ठेवतो. त्याच पुन्हा लावण्यासाठी समिती कशाला? मी कसोटी सुचवतो ती ही, की आणलेल्या वाहनाविषयी, मग ती १९७० सालची फियाट असो, मारुती आठशे असो वा बजाजचा मोडका चेतक असो, कोणी तरी उभे राहून पंधरा मिनिटे जाणतेपणाने बोलू शकले पाहिजे. जो बोलेल त्याची जागा ओळीत. मालकाला बोलता येत नसेल आणि चालकाला येत असेल, तर पाटीवर चालकाचे नाव मोठ्या अक्षरांत. ही कसोटी सैल नाही. अनेक महागड्या मोटारी हिच्यापुढे टिकणार नाहीत.

ज्यांनी मोटारीवर जीव लावला पण तिच्या बाजारात ज्यांना स्थान मिळाले नाही, त्यांची परंपरा आपल्याकडे लहान नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या बुद्धीने ‘मीरा’ ही छोटी मोटार तयार केली. तिचा पहिला नमुना १९४९ सालचा. पुढील वीस वर्षे ते तिच्या सुधारित आवृत्त्या बांधत राहिले, आणि परवान्यांच्या त्या युगात ती कधीही कारखान्यातून सर्वसामान्यांच्या दारी पोहोचली नाही. दुसरीकडे सुमंत मुळगावकरांसारखा अभियंता टेल्कोच्या शिखरावर पोहोचला, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सुमो’ हे नाव १९९४ मध्ये आलेल्या गाडीस मिळाले, आणि तरी ती गाडी वापरणाऱ्या लक्षावधींपैकी कितींना ते ठाऊक आहे? त्यांना ते नाव जपानी मल्लाचे वाटते. पाटीवर नाव लिहिण्याचा माझा आग्रह एवढ्यासाठी.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. हवा बिघडत असता, रस्ते तुंबले असता, मोटारीचा उत्सव करावा काय? भोपाळने २०१३ साली बससाठी स्वतंत्र मार्गिका बांधली आणि २०२४ साली ती उखडायला घेतली. म्हणजे मोटारीला या शहरात सन्मानाची कमतरता आहे असे कोणी म्हणू शकत नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण तो मेळाव्याला लागू पडतो असे मला वाटत नाही, कारण रोज कचेरीला जाणाऱ्या हजारो गाड्या जितक्या निष्काळजीपणे वापरल्या जातात तितक्या निष्काळजीपणे मोटारीवर प्रेम करणारा माणूस ती वापरत नाही. जो कार्बोरेटर स्वतः जुळवतो त्याला धुराचा रंग कळतो. मात्र मेळाव्याला येणाऱ्यांनी बसने किंवा पायी यावे, वाहनतळाची शान दाखवू नये, आणि बॅटरीवर चालणारी रिक्षा दुरुस्त करणाऱ्या पोरालाही ओळीत जागा असावी.

आवाजाच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. निवासी विभागात दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री पंचेचाळीस, ही मर्यादा कायद्याने घालून दिलेली आहे; रस्त्यावर शर्यत लावण्यास मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाखाली शिक्षा आहे; आणि ज्यांना वेगाचीच हौस आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे की याच राज्यात पीथमपूरला ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकृती वेगपट्टी २०२१ साली खुली झाली आहे, तीही उद्योगांच्या चाचण्यांसाठी, भोपाळच्या लिंक रोड क्रमांक दोनला पर्याय म्हणून नव्हे. जपानात योकोहामातील दाइकोकू येथील महामार्गाचा वाहनतळ रात्रीच्या मोटार-मेळ्यांसाठी जगभर ओळखला जातो, आणि गोंगाट वाढला की पोलीस तो बंद करतात, हेही तितकेच ओळखीचे झाले आहे. कॅलिफोर्नियात अर्व्हाइन येथे दर शनिवारी पहाटे कॉफीच्या निमित्ताने भरणारा मेळा अनेकांना आदर्श वाटे. गर्दी आणि परतीच्या रस्त्यावरचा उन्माद आवरेना, म्हणून तो २०१४च्या अखेरीस संपवावा लागला. मेळावा आत कसा चालला यापेक्षा लोक तेथून कसे बाहेर पडले, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. शेजारच्या घरात रात्रपाळी करून आलेली परिचारिका झोपली असेल, तर तीही या मेळाव्याची सभासद आहे. तिची झोप हेच तिचे प्रवेशपत्र.

ज्यांनी गाड्यांत बदल केले आहेत त्यांच्याविषयी एक निराळा विचार मांडतो. सायलेन्सर बदलून आवाज वाढवणे यालाच हल्ली बदल म्हणण्याची चाल पडली आहे. माझ्या माहितीतले एक गृहस्थ, पोलिओने दोन्ही पाय अधू असलेले, स्वतःच्या छोट्या मोटारीचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एका दांड्यावर आणून हातांनी ती चालवतात. तो दांडा त्यांनी आणि एका लोहाराने मिळून चार वेळा वाकवला, पाचव्या खेपेस तो जमला. अशी गाडी मेळाव्यात दयेपोटी कोपऱ्यात ठेवायची नसून प्रवेशापाशी, पहिल्या क्रमांकावर ठेवायची, कारण त्या दिवसाचे सर्वांत कुशल यंत्रकर्म तेच असेल. आणि जेथे ती पहिली उभी राहील तेथे उतरण, सपाट वाट आणि स्वच्छतागृह यांची सोय आपोआप करावी लागेल. स्त्रियांच्या बाबतीतही हाच न्याय. त्यांच्यासाठी ‘विशेष सत्र’ ठेवू नये; दोन ब्रेकांच्या गाडीत शेजारी बसून शेकडो बायकांना गाडी शिकवलेली एखादी प्रशिक्षिका बोलावून तिला क्लचविषयी बोलू द्यावे.

जागा आणि परवानगी यांविषयी थोडे लिहून थांबतो. महापालिका, वाहतूक पोलीस, जिल्हाधिकारी कचेरी, यांची लेखी अनुमती इतर वस्त्यांतल्या लोकांना महिनोन्‌महिने खेटे घालून मिळवावी लागते. चार इमलीतल्या तरुणास ती घरच्या जेवणाच्या टेबलावर मिळू शकेल. येथील अडचण हीच आहे. म्हणून माझी त्यांना सूचना अशी की अर्ज त्यांनी स्वतःच्या नावाने न करता बिट्टन मार्केटच्या परिसरातल्या एखाद्या मिस्त्रीच्या नावाने करावा, खिडकीत द्यावा, पोच घ्यावी, आणि जितके दिवस लागतील तितके लागू द्यावेत. तरुण हसले. मी विनोद केला नव्हता.

मसुदा त्यांनी परत नेला आहे. दुसऱ्या आवृत्तीत ‘मागच्या बाजूला’ हे शब्द नाहीत, असे मला कळवण्यात आले. ‘निवड समिती’ अजून आहे, पण तिच्यात भाईसाबांचे नाव घालावे की नाही यावर वाद चालू आहे, आणि भाईसाबांना कोणी अद्याप विचारलेले नाही.

दरम्यान वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत किंवा माळ्यावर, एखाद्या जुन्या गाडीचे लॉगबुक, नोंदणीपुस्तक, गॅरेजची हिशेबवही किंवा बॉनेटवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो असेल, तर तो रद्दीत देऊ नका. आणि ती गाडी कोण चालवत असे व कोण दुरुस्त करत असे हे आठवणारे कोणी घरात अजून असेल, तर त्यांना आजच विचारून ती नावे मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.